दौंडच्या आजोबांना नाव सांगायचं नाही

माझ्या आवडीच्या व्हिस्कीचं नाव दौंडच्या आजोबांना सांगायचं नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुम्हा दोघांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे, आणि पुढचं वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात राहायला हवं. ते तुम्हाला फोन करतील. आधी आयर्लंडातल्या थंडीची चौकशी करतील, मग अभ्यासाची, आणि मग सहज आठवल्यासारखं विचारतील, "तुझा बाबा आजीसाठी आणतो ती बाटली कोणती रे?" तेव्हा म्हणायचं, "आजीला विचारा." तुमच्या बाबालाही मी बजावलं आहे. तो हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार असेल, तर त्याने मधलं काही गाळू नये.

आता कारण सांगते. तुम्ही दोघंही कायद्याने मोठे झाला आहात, तेव्हा या विषयावर आजीने लिहावं की नाही, हा प्रश्न मी निकालात काढला आहे.

दौंडचे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे सख्खे थोरले भाऊ. मी त्यांना दादा म्हणते. ते मला बाई म्हणतात, कारण मी शिरूरला शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि निम्मं गाव मला बाईच म्हणतं. इथे मी त्यांचा उल्लेख आदरानेच करणार आहे. आपल्या घरात थोरल्या दिरांना अरेतुरे करत नाहीत. राग अहोजाहो करूनही धरता येतो.

तुमचे आजोबा चर्चमध्ये पेटी वाजवत. तुम्ही त्यांना शेवटच्या बाकावर बसलेलंच पाहिलं आहे, म्हणून हे तुम्हाला नवीन वाटेल. तुमचा बाबा लहान असेपर्यंत दर रविवारी गीतांना पेटी त्यांचीच असे. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, तेव्हा भाकरीबरोबर सगळ्यांना मिळे तो मेजावरचा द्राक्षरस माझ्या घरून जाई. आपल्या मंडळीत दारूबंदीची शपथ जुन्या मिशनच्या काळापासून होती, त्यामुळे मेजावर वाइन चालत नसे. काळ्या मनुका भिजवून, उकळून, मलमलीतून गाळून रस करायचा. ते काम माझ्याकडे माझ्या सासूबाईंकडून आलं होतं. त्यांनी मला एवढंच शिकवलं की पातेल्याकडे बघायचं नाही, वास घ्यायचा. पहिली उकळी येते तेव्हा ओल्या गोणपाटासारखा वास येतो. नंतर गुळासारखा येतो, आणि तिथे बायका फसतात, पातेलं उतरवून मोकळ्या होतात. आणखी थोडं थांबलं की एकदम जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखा वास येतो, गोड आणि थोडा कोरडा. तेव्हा उतरवायचं. माझ्या रसाला कधी साखर लागली नाही.

दौंडला तुमच्या आजोबांचे एक मित्र होते, रेल्वेत गार्ड. त्यांच्या मुलीचं लग्न रेल्वेच्या हॉलमध्ये झालं. जेवणाआधी सगळ्यांच्या हातात छोटे ग्लास दिले गेले आणि वधूवरांसाठी सगळ्यांनी ते एकदम उचलले. तुमच्या आजोबांनीही उचलला. मित्राच्या मुलीच्या नावाने उचललेला ग्लास खाली ठेवणं त्यांना जमलं नाही. एक ग्लास. घरी येताना एसटीत मला म्हणाले, "गोड होती गं. वाईट नव्हती." पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाहीत.

दादा तेव्हा कुरकुंभच्या कारखान्यात सुपरवायझर होते. राहायला शिरूरलाच, कंपनीच्या बसने जात-येत. आणि मंडळीचे पंच होते. लग्नात तेही होते, पण भिंतीजवळ, रिकाम्या हाताने.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. पाळकसाहेब मेजावरचं पांढरं कापड उचलणार, तेवढ्यात दादा पुरुषांच्या बाजूला खांबाजवळ उभे राहिले. म्हणाले, "ज्या ओठांना दारू लागली, त्यांनी आज प्याल्याला ओठ लावू नयेत. मी माझ्या सख्ख्या भावाबद्दल बोलतोय. घरापासून सुरुवात करावी, म्हणून बोलतोय."

पाळकसाहेब चांगले होते. "आपण हे नंतर बसून बोलू," असं म्हणाले. पण तोपर्यंत तुमच्या आजोबांनी पेटीचा भाता बंद केला होता. पेटीची खिटी लावल्याचा आवाज मला बायकांच्या बाजूला ऐकू आला. ते उठले आणि सगळ्यांच्या मधून चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी गीत पेटीशिवाय म्हटलं गेलं, आणि बेसूर म्हटलं गेलं.

काही महिन्यांनी पंचांनी त्यांना पुन्हा मेजावर यायची परवानगी दिली. ते गेले नाहीत. मरेपर्यंत गेले नाहीत. छोट्या प्याल्यांचं तबक बाकावरून पुढे सरकत यायचं, तेव्हा ते दोन्ही हातांनी धरून शेजारच्याला द्यायचे, सांडू न देता. घरी या विषयावर एक अक्षर बोलत नसत. मी बोलू लागले की म्हणायचे, "दादा आहे तो."

रसाचं कामही गेलं. दादांनी निरोप पाठवला की आता मोठ्या जाऊबाई करतील. जाऊबाई बिचाऱ्या गुळाच्या वासालाच पातेलं उतरवत. वर साखर घालत. मी तो रस अनेक वर्षं प्यायले, आणि दर वेळी प्याला खाली ठेवताना माझ्या मनात जे येई ते त्या ठिकाणी येऊ नये, हे मला माहीत होतं.

निवृत्तीनंतर दादा मुलाजवळ दौंडला गेले. पुढे जाऊबाई गेल्या, नंतर तुमचे आजोबा गेले. त्यानंतरच्या नाताळात मी दादांना भेटायला दौंडला गेले. तिकडच्या बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट होतं, आत बाटल्या ओळीने लावलेल्या, आणि कपाटात वर एक दिवा. दादा आरामखुर्चीत बसले होते, हातात ग्लास, पुढ्यात शेंगदाणे.

"या बाई. थोडी घेता का? थंडी आहे."

मी खुर्चीच्या कडेवर बसले. म्हटलं, "दादा, आणि शपथ?"

"अहो, तो काळ वेगळा होता," ते हसले. "आता कोण विचारतंय?"

असं म्हणून त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

माणसाने मत बदलावं, मला त्याचं काही नाही. पण ज्या गोष्टीसाठी सख्ख्या भावाला भरल्या चर्चमधून चालायला लावलं, ती गोष्ट शेंगदाण्याबरोबर गिळून टाकायची आणि काळ वेगळा होता म्हणायचं? त्या दिवशी परतीच्या गाडीत मी ठरवलं की या माणसाला मी शिरूरच्या त्याच खांबाजवळ उभं करीन आणि एक वाक्य म्हणायला लावीन: माझ्या भावावर मी अन्याय केला. फक्त कसं ते ठरत नव्हतं.

ते त्यांनीच ठरवून दिलं. पुढच्या खेपेला तुमचा बाबा आला होता. त्याने काकांसाठी तुमच्याकडची आयरिश व्हिस्कीची बाटली आणली होती. आम्ही दोघं ती घेऊन दौंडला गेलो. दादांनी चष्मा लावला, लेबल वाचलं आणि बाटली टेबलावर अशी ठेवली, की जणू भाजीवाल्याने किडकं वांगं दिलं.

"ब्लेंडेड?" ते म्हणाले. "म्हणजे भेसळच की रे. आम्ही सिंगल माल्टशिवाय घेत नाही."

तुमचा बाबा म्हणाला, "काका, तिकडे बहुतेक लोक हीच पितात."

"पीत असतील. लोक काय, काहीही पितात." मग बाटली माझ्या पिशवीत ठेवत म्हणाले, "बाई, घेऊन जा तुम्ही. मनुका भिजवा यात. तुम्हाला कुठे काय कळतंय त्यातलं."

मनुका हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता.

तुमचा बाबा परत गेल्यावर एका सकाळी मी ती बाटली उघडली. आयुष्यात पहिल्यांदा. वेळ अकराची निवडली, कारण तेव्हा चहाची चव तोंडातून गेलेली असते आणि जेवणाची आलेली नसते. रस चाखायचीही माझी तीच वेळ होती. जुने प्रभुभोजनाचे काचेचे प्याले माझ्याकडे चार आहेत, चर्चने नवे घेतले तेव्हाचे. ते मी काढले नाहीत. सूड वेगळा आणि पाप वेगळं. औषधाचं काचेचं माप घेतलं, शेजारी कोमट पाणी आणि तोंड स्वच्छ करायला कोरड्या भाकरीचा तुकडा.

पहिला घोट घशाला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. याच्यासाठी माणसं घरदार विकतात, याचं मला मनापासून आश्चर्य वाटलं. मग पाणी घातलं आणि आधी नुसता वास घेतला. तेव्हा हळूहळू एकेक समजू लागलं. ही पहिली बाटली म्हणजे नुसतं ओलं गवत आणि लिंबाची साल. वाईट नव्हती, पण तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. मी तुमच्या बाबाला फोन केला आणि पुढच्या खेपेला वेगवेगळ्या आण म्हटलं, पण सगळ्या ब्लेंडेडच. तो म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?"

मी त्याबद्दल वाचलंही. तुमच्याकडे मोड आणलेले जव आणि बिनमोडाचे जव एकत्र घेऊन तांब्याच्या मोठ्या भांड्यात एक व्हिस्की करतात, तिची चव भरीव असते. मका किंवा गव्हाची दुसरी करतात, ती हलकी असते. दोन्ही लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायच्या आणि मग एक माणूस नाकाने ठरवतो की कुठली किती घ्यायची. हे वाचल्यावर मला दादांच्या भेसळीचं हसू आलं. आपण ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धणे वेगवेगळे भाजतो आणि एकत्र दळतो. थालिपिठाच्या भाजणीला आजवर कोणी भेसळ म्हटलंय का? प्रत्येक धान्य त्याच्या त्याच्या मानाने भाजावं लागतं, एक जरी करपलं तरी सगळं पीठ कडू होतं. उलट दादांच्या सिंगल माल्टसारखं एकाच धान्याचं पीठ कोणालाही दळता येतं.

आमच्या शेजारच्या मळ्यातल्या आक्का दुपारच्या आत कधीतरी येतात. त्यांच्या घरात आधी मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा आहे. त्यांनी मला एका सकाळी टेबलावर तीन बाटल्या आणि औषधाचं माप घेऊन बसलेलं पाहिलं आणि दारातच थांबल्या.

"बाई, म्हंजी आता ह्या वयात?"

"आत या, दार लावा," मी म्हटलं. "काम चाललंय."

"कसलं काम वो?"

"दिरांना धडा शिकवायचाय."

"मंग बसते," म्हणाल्या आणि बसल्या. त्यांच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे पिणं शक्य नव्हतं. पण वासाला माळेची हरकत न्हाई, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. पहिल्या मापाला त्यांनी नाक मुरडलं. दुसऱ्याला म्हणाल्या, "ह्यो गुऱ्हाळाचा. काकवी उतरत्यात तवा असाच येतो." तो वास मलाही तसाच आला होता. ती दुसरी बाटली गोड होती, फार गोड, लाडावलेल्या मुलीसारखी. पाहुण्यांना आवडेल आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल अशी.

तिसऱ्या मापाचा वास घेऊन आक्कांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी घेतलं.

आधी गूळ होता. मग तो मागे गेला आणि कपाटाचं दार उघडलं. अगदी तोच वास, गोड आणि थोडा कोरडा, पातेलं उतरवायच्या क्षणीचा. मी डोळे मिटले तर माझ्या हाताला मलमलीचं ओलं कापड लागतंय असं वाटलं. नंतर लेबलावर वाचलं की तिच्यातला काही भाग शेरी नावाच्या द्राक्षांच्या वाइनच्या पिंपात ठेवलेला असतो. म्हणजे ते पिंप माझ्या पातेल्याचंच भावंड. पाणी घातलं की भाजलेल्या गव्हाची चव येते, मग दालचिनीसारखं काहीतरी चुरचुरतं, आणि घशाखाली गेल्यावर बऱ्याच वेळाने पुन्हा मनुका येते, एखादा माणूस जाता जाता दारातून परत वळून बघतो तशी.

"बाई, रडताय व्हय?"

"नाही. कडक आहे."

"व्हय, कडक आसंल," आक्का म्हणाल्या आणि उठून पाणी घेऊन आल्या.

त्यानंतर चौथी आणि पाचवीही आली. एक फार हलकी, एक लाकडासारखी. मी त्या सगळ्या पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिवशी, मापं उलटसुलट क्रमाने ठेवून चाखल्या, कारण आवडीतही शिस्त हवी. दर वेळी मी तिसऱ्याच बाटलीकडे परत आले. माझी व्हिस्की ठरली. माझ्याकडून काढून घेतलेलं काम मला कोणीतरी आयर्लंडातून पिंपात भरून परत पाठवलं होतं. आणि आता ते दादांना प्यायला लावायचं होतं.

मी बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून लेबल काढलं. साध्या काचेच्या बाटलीत थोडी ओतली. गळिताचा हंगाम होता. चौफुल्याला गाडी बदलली, तर पाटसपर्यंत पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. मांडीवर पिशवी घट्ट धरून मी बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "औषध हाय का?" मी हो म्हटलं.

दादांसमोर बाटली ठेवली. म्हटलं, "दादा, बघा काय वाटतंय. तुम्हाला ओळखता येईल."

त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला, गोल फिरवला, नाकाजवळ नेला. एक घोट घेतला. मग आरामखुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीच पाहिली नव्हती अशी शांतता आली, आणि ती पाहून मला जो आनंद झाला त्याला चांगला आनंद म्हणता येणार नाही.

"बाई, ही खरी," ते म्हणाले. "ही अठरा वर्षांच्या खालची नाही. स्कॉटलंडची. सिंगल. शंभर टक्के. याला म्हणतात चीज. भेसळीचा मागमूस नाही."

"नाही ना?"

"अहो, इतकी वर्षं घेतोय मी. नाव काय?"

"सांगेन की," म्हणून मी उरलेली बाटली पिशवीत घातली आणि उठले.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा दौंडला गेले, खोकल्याच्या औषधाच्या स्वच्छ धुतलेल्या बाटलीतून थोडी नेली. एका बैठकीत संपेल एवढीच. दादांनी मुलाला पुण्याला पाठवून स्कॉटलंडच्या चढ्या किमतीच्या बाटल्या आणवल्या. एकही जुळेना. फोन येऊ लागले.

"बाई, यात धुराचा वास येतो हो. तुमच्यात धूर नव्हता."

"नव्हता."

"मग ही नसणार."

"नसणार."

"अहो, मग कोणती ते सांगा ना! मास्तरीणबाईंसारखं काय, ओळखा ओळखा लावलंय!"

एका भेटीत मी पिशवीतून बाटली काढायच्या आतच त्यांनी सरळ विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?"

मी सांगितलं. शिरूरचं चर्च, तोच खांब, तेच लोक, जे उरलेत ते. आणि ते वाक्य. माझ्या भावावर मी अन्याय केला.

आधी ते हसले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "एका बाटलीसाठी मला एवढं करायला लावता?"

"तुम्ही एका ग्लाससाठी केलं होतंत," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी मला बसथांब्यापर्यंत सोडायला कोणाला पाठवलं नाही. माझ्याही हातातली औषधाची बाटली भरलेलीच परत आली. मी दौंडला जाणं बंद केलं. उसाचा हंगाम संपला, उन्हाळा आला. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"त्याचा स्मरणदिन कधी असतो? पुढच्या आठवड्यातच ना?"

"रविवारीच आलाय या वेळी."

"येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते खरंच आले. मुलाने गाडी आणली होती. पांढरा सदरा, कोट, हातात काठी. मी पहिल्या बाकावर बसले होते, त्या दिवशी मुद्दाम. उपासना संपत आली तेव्हा आताच्या पाळकसाहेबांनी तुमच्या आजोबांच्या स्मरणार्थ कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं. दादा उठले. हळूहळू चालत खांबाजवळ गेले आणि खांबाला हात लावून उभे राहिले. इतक्या वर्षांनी मी पेटीच्या खिटीचा तो आवाज पुन्हा ऐकायला तयार होऊन बसले होते, या वेळी उघडल्याचा.

दादा छान बोलतात. लहानपणचं बोलले, दोघं भाऊ घोडनदीत पोहायचे ते बोलले. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मग म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाच्या हातून एकदा चूक झाली होती. तेव्हा मी कठोर झालो. आज या ठिकाणी, तुम्हा सर्वांसमोर, मी त्याला पूर्ण अंतःकरणाने क्षमा करतो."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली. पाळकसाहेब म्हणाले, "किती मोठं मन." आणि दादा माझ्याकडे वळून बघू लागले, कविता पाठ म्हणून दाखवलेला मुलगा बाईंकडे बघतो ना, अगदी तसे.

मी आमेन म्हटलं नाही.

बाहेर कडुलिंबाखाली ते माझ्याजवळ आले. "झालं? आता नाव."

"दादा, तुम्हाला माफी मागायची होती. तुम्ही देऊन आलात."

"अहो, त्यात काय एवढा फरक? कठोर झालो, म्हटलं ना मी!"

"म्हटलंत."

"मग?"

"मग घरी चला, जेवण तयार आहे."

जेवायला मटण होतं, भात होता. त्यांच्या मुलाला मी जेवायला बसवलं. दादांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या हातात ग्लास दिला. लालसर काळा, दिव्यासमोर धरला असता तर सुंदर दिसला असता. त्यांनी वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हीच! हाच वास. दिलीत ना शेवटी." मोठा घोट घेतला आणि थांबले. "हे... यात दारू नाही."

"नाही. हा मनुकांचा रस आहे. सकाळी केला. या घरातला रस मेजावर नको म्हणून तुम्ही निरोप पाठवला होतात. मी म्हटलं, तुम्ही तरी चाखून बघा, काय नको म्हणालात ते."

ते ग्लासकडे बघत राहिले. मग तोंडाला लावून सगळा रस प्यायले, अगदी तळापर्यंत, आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

पातेल्यात अजून होता. मी दिला नाही. ग्लास घेतला आणि आत जाऊन धुवून पालथा ठेवला.

ही गोष्ट मी आक्कांना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, म्हातारं मानूस, द्यायचा व्हता अजून घोटभर." मी म्हटलं, "आक्का, तुमच्या घरच्याला सगळ्या गावासमोर असं उठवलं असतं तर?" त्यांनी विचार केला. "मंग पहिला ग्लास बी दिला नसता," म्हणाल्या.

तुमच्या बाबाचं म्हणणं असं की आता सोडून दे, आई, त्यांचं वय झालं. तो चांगला मुलगा आहे, वडिलांवर गेला आहे. पण "दादा आहे तो" हे वाक्य मी या घरात पुरेसं ऐकलं आहे. आणि माझं वय झालेलं नाही का?

फोन अजून येतात. गेल्या आठवड्यात आला. नेहमीसारखं नाव विचारलं नाही. म्हणाले, "बाई, ते वाक्य काय होतं तुमचं? परत सांगा."

मी सांगितलं. पाच शब्दांचं वाक्य आहे, पाठ करायला अवघड नाही.

मग ते म्हणाले, "माझ्या भावावर..." आणि खोकले. पाणी प्यायल्याचा आवाज आला. "आज घसा बरा नाही हो. उरलेलं नंतर बघू."

"बघू," मी म्हटलं. "पण फोनवर नाही. खांबाजवळ."

"कोण उरलंय तिथं आता ऐकायला?"

"मी आहे ना," मी म्हटलं. आणि त्यांनी फोन ठेवला.

कपाटात मनुकांच्या बरणीमागे बिनलेबलाची बाटली आहे, तुम्ही व्हिडिओवर पाहिली तीच. तिच्यात बोटभर उरली आहे. मी सकाळी अकराला औषधाच्या मापाने घेते, भाकरीचा तुकडा आणि कोमट पाणी शेजारी ठेवून. तुमच्या बाबाने नाताळात येताना दोन आणाव्यात. दुसरी दादांसाठी असेल, लेबलासकट. ती मी स्वतःच्या हाताने दौंडला नेईन, चौफुल्याला गाडी बदलून, ज्या रविवारी ते खांबाजवळ उभे राहून वाक्य पूर्ण करतील त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर ती बरणीमागे राहील. मी थांबू शकते. ते माझ्याहून बरेच मोठे आहेत, तेव्हा घाई असलीच तर ती त्यांना असावी.